मुलगा रात्री मोबाईलवर पास्टरांचे ऐकतो, रविवारी मिस्सेला येत नाही: कॅथलिक पालकांनी काय करावे?

प्रश्न: वडगावशेरीची आई

नमस्कार. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. माहेर आणि सासर दोन्ही कॅथलिक असून गेली बावीस वर्षे आम्ही वडगावशेरीला राहतो. माझा धाकटा मुलगा चोवीस वर्षांचा आहे आणि खराडीला नोकरी करतो. लहानपणी तो वेदीसेवक होता, दरवर्षी सप्टेंबरात माझ्या आईबरोबर हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचा आणि परतीच्या गाडीत तिच्या मांडीवर झोपायचा.

गेल्या दीड वर्षापासून तो रोज रात्री साडेनऊला खोलीचे दार लावून घेतो, कानांत इअरफोन घालतो आणि यूट्यूबवर एका पेन्टेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, कॅथलिक नसलेल्या पंथाच्या) पास्टरांचे थेट प्रक्षेपण ऐकतो. एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला मी आत गेले, तेव्हा तो जमिनीवर गुडघे टेकून बसला होता, दोन्ही तळहात उघडे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मोबाईल त्याने मारियामाउलीच्या तसबिरीला टेकवून उभा केला होता. मी तांब्या ठेवला आणि तशीच मागे फिरले. प्रार्थना करताना त्याला रडताना मी यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. ही गोष्ट आनंदाची मानावी की काळजीची, हे मला त्या रात्री कळले नाही आणि आजही कळत नाही.

हळूहळू त्याचे शब्दही बदलले. आमच्या घरी आलेलुया म्हणतात, तो हालेलुया म्हणतो. आम्ही स्नानसंस्कार म्हणतो, तो बाप्तिस्मा म्हणतो. संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, तो बसत नाही. मारियेपुढे दिवा का लावायचा, असे त्याने मला शांतपणे विचारले आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. पगारवाढ झाल्यापासून तो पगाराचा दहावा हिस्सा पडद्यावर दिसणाऱ्या क्यूआर कोडवर दशांश म्हणून पाठवतो. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येणे त्याने जवळजवळ सोडले आहे. आता ते पास्टर पुण्यात सभेसाठी येणार असून, त्या वेळी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेशील का, असे त्याला विचारण्यात आले आहे.

माझे यजमान म्हणतात की इंटरनेट बंद करावे. मला ते पटत नाही, कारण तो वाईट मार्गाला लागलेला नाही. उलट तो पूर्वीपेक्षा शांत झाला आहे आणि रोज बायबल वाचतो. तरीही तो आमच्यातून दूर चालला आहे असे वाटत राहते. आमच्याच ओळखीतल्या चार घरांत हेच घडते आहे. या प्रक्षेपणांत असे काय आहे जे आमच्या चर्चमध्ये या मुलांना मिळत नाही? आणि दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेण्याबद्दल मी त्याला काय सांगावे?

उत्तर: निवृत्त धर्मशिक्षक, कॅम्प

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण घाईने लिहिण्यासारखा हा विषय नाही. मी पुण्यात तीस वर्षे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला आणि माझे कितीतरी विद्यार्थी याच वाटेने गेलेले पाहिले.

आधी बाप्तिस्म्याचे सांगतो, कारण त्याला तारीख आहे. आपल्या श्रद्धेप्रमाणे स्नानसंस्कार एकदाच होतो आणि त्याचा ठसा पुसला जात नाही, म्हणून तो पुन्हा घेता येत नाही. पेन्टेकोस्टल मंडळींच्या मते मात्र ज्याला स्वतःला विश्वास ठेवता येतो त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा, तोही पाण्यात पूर्ण बुडून. म्हणून तान्ह्या बाळाचा संस्कार ते धरत नाहीत. त्यामुळे तुमच्या मुलाला जे विचारले गेले आहे त्याचा अर्थ असा होतो की सुमारे चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही त्याला ज्या संस्कारासाठी नेले तो झालाच नव्हता, हे त्याने मान्य करावे. ‘तू पाप करतो आहेस’ असे त्याला म्हणू नका. पण हा अर्थ त्याच्यासमोर स्पष्ट मांडा, आणि त्याला त्यावर विचार करायला अवधी द्या. एखाद्या सभेच्या गर्दीत, गाणी चालू असताना, असा निर्णय घेऊ नये, एवढे तर कुठलाही प्रामाणिक पास्टरसुद्धा मान्य करील.

आता तुमचा मोठा प्रश्न. हे सारे परदेशातून मोबाईलवर आले, अशी आपली समजूत आहे, पण पुणे जिल्ह्यातल्या माणसाने असे म्हणावे हे मला खटकते. दौंड तालुक्यातील केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जून १९०५ मध्ये मुलींच्या प्रार्थनासभेत जे आध्यात्मिक जागरण सुरू झाले, ते जगभरच्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा त्यानंतरची, १९०६ ची. केडगावला काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकी बाईंनी त्या अनुभवावर पुस्तिका लिहिली, ती चिलीमध्ये एका मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तिथली पेन्टेकोस्टल चळवळ उभी राहण्यामागे त्या पुस्तिकेचा वाटा होता. म्हणजे ज्या मोठ्याने केलेल्या प्रार्थनेला, हात उंचावण्याला, रडण्याला आपण आज परके समजतो, त्यातले काही सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावातून जगात गेले आहे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, हे खरे. पण त्या मुलींना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी, ही त्यांची भूमिका मला आजही फार मोलाची वाटते.

आपल्या चर्चमध्येही ही ओढ काही कमी जुनी नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातील कॅथलिक विद्यार्थ्यांच्या एका प्रार्थनाशिबिरातून कॅरिस्मॅटिक नवीकरण (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारी कॅथलिक चळवळ) सुरू झाले, १९७२ पासून ते मुंबईमार्गे आपल्या देशात पसरले आणि १९७५ च्या पेन्टेकोस्ट सणाला रोममध्ये पोप पॉल सहावे यांनी या मंडळींचे स्वागत केले. केरळमधील मुरिंगूरच्या डिव्हाईन रिट्रीट सेंटरला पुण्याहून जाणारी कुटुंबे तुम्हीही पाहिली असतील. स्तुती-आराधना, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, अन्य भाषांत (प्रार्थनेच्या भरात, न शिकलेल्या भाषेत) बोलणे हे सारे कॅथलिक चौकटीत राहून करता येते, ही गोष्ट बऱ्याच तरुणांना कुणी सांगितलेलीच नसते. त्यांना ते प्रथम पडद्यावर दिसते आणि म्हणून ते दुसऱ्यांचे वाटते.

पडद्याचा भाग वेगळा समजून घ्यावा लागेल. माझ्या तरुणपणी श्रीलंकेतून आणि सेशेल्स बेटांवरून लघुलहरींवर ख्रिस्ती कार्यक्रम लागत. खरखरीतून शब्द वेचावे लागत आणि पंधरा मिनिटांत कार्यक्रम संपे. १९९१ नंतर केबल आली तेव्हा प्रवचने दिवाणखान्यात आली, तरी ती सगळे कुटुंब मिळून पाहत होते आणि आजी मध्येच बोलून शंका काढीत होती. आता तेच प्रवचन एकट्या मुलाच्या कानात उतरते. एक चित्रफीत पूर्ण पाहिली की तशाच दहा पुढे उभ्या राहतात, त्यामुळे महिनाभरात त्याला असे वाटू लागते की सगळे ख्रिस्ती जग असेच बोलते आहे आणि मागे राहिले आहे ते फक्त आपले चर्च. मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली आणि आपण सर्वांनीच मुलांना सांगितले की मिस्सा मोबाईलवर पाहा. त्या काळात आमच्या घरी तरी मिस्सा संपल्यावर मोबाईल कुणी खाली ठेवला नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त सलते ते आपले प्रवचन. पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ रोजी सांगितले की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, कारण लोक झोपी जातात. पण वेळ कमी केल्याने प्रवचन आपोआप जिवंत होत नाही. तो पास्टर चाळीस मिनिटे बोलतो आणि मुलगा जागचा हलत नाही, कारण तो नोकरीबद्दल, भीतीबद्दल, बापलेकाच्या अबोल्याबद्दल बोलतो, आणि बायबलमधले वचन हातात धरून बोलतो. हे आपल्या फादरांना जमणार नाही असे मुळीच नाही. पुण्यात पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ आहे, देशभरातून धर्मगुरू इथे शिकायला येतात. १९०३ मध्ये फादर डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचायचे साधन त्या काळी छापखाना होते आणि ते त्यांनी वापरले. आजचे साधन आपण वापरतो ते बहुतेक वेळा वेदीपुढे एकच कॅमेरा ठेवून.

एक मर्यादाही सांगतो. सगळे पेन्टेकोस्टल पास्टर सारखे नसतात. काही जण साधी, कष्टाची मंडळी चालवतात. काही जण ‘पेरा म्हणजे उगवेल’ असे सांगून देणगीच्या बदल्यात समृद्धीचे आश्वासन देतात. तुमच्या मुलाचा पैसा कुठे जातो, त्याचा हिशेब त्या मंडळीत कुणाला मिळतो का, हे त्याने स्वतः विचारावे. दशांश देणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे, आणि आपल्या धर्मग्रामातही तो असलाच पाहिजे.

उत्तर: हिंजवडीहून, वय २३

काकू, तुमच्या मुलाच्या जागी मी होते म्हणून लिहिते आहे.

२०२० मध्ये मी अकरावीला होते. बाबांची नोकरी गेली होती, घरात कुणी कुणाशी बोलत नव्हते आणि मला पहाटेपर्यंत झोप येत नसे. एका रात्री प्रक्षेपणात पास्टर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले की आत्ता हे पाहणारी एक मुलगी आहे, तिला रात्ररात्र झोप लागत नाही, प्रभू तिला म्हणतो आहे की मी जागा आहे, तू झोप. मी मोबाईल उशाशी ठेवला आणि खरोखर झोपले. तुम्हाला हे बालिश वाटेल, पण त्या वर्षी माझ्या झोपेची चौकशी करणारे दुसरे कोणीच नव्हते. नंतर मी बाजूच्या चौकटीत माझ्या नावाने प्रार्थनेची विनंती लिहिली, तर मिनिटभरात कुणीतरी नावाने उत्तर दिले की आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करत आहोत. ज्या चर्चमध्ये माझे पहिले कम्युनियन झाले तिथे मला नावाने ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

दोन वर्षांनी त्याच वाहिनीवर जुन्या चित्रफिती शोधताना मला २०१८ मधली एक सापडली. त्यातही पास्टर तसेच थांबले होते आणि झोप न येणाऱ्या मुलीबद्दल तीच वाक्ये बोलले होते. मला खूप रडू आले. मला फसवले गेले असे म्हणण्याची माझी इच्छा नाही, कारण झोप न येणाऱ्या मुली पुष्कळ असतात आणि त्या रात्री मी केलेली प्रार्थना खरीच होती. पण ते वाक्य केवळ माझ्यासाठी होते, असे धरून मी आयुष्याचे दोन मोठे निर्णय घेतले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

मी चर्च सोडले नाही. आता मी रविवारी गायनवृंदात गाते. तरीही एक गोष्ट मी धर्मशिक्षक सरांना नम्रपणे सांगू इच्छिते की फक्त प्रवचन सुधारून हे थांबणार नाही. त्या प्रक्षेपणात मला काहीतरी करायला मिळत असे: मोठ्याने बोलायचे, स्वतःच्या शब्दांत मागायचे, हात उचलायचे, दुसऱ्यासाठी प्रार्थना लिहायची, साक्ष द्यायची. मिस्सेत ठरलेले प्रतिसाद असतात आणि ते मला आज अतिशय प्रिय आहेत, पण सोळाव्या वर्षी मला ते दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेले वाटत. कुणी शेजारी बसून मला त्यांचा अर्थ सांगितला असता तर कदाचित इतका वळसा पडला नसता.

आणखी एक, भाषेचे. माझी आजी नारायण वामन टिळकांची पदे पाठ म्हणायची आणि ती कुठल्या पंथाची आहेत हे आमच्या घरात कुणी कधी विचारले नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले. आमच्या तरुण गटात सिडनीच्या हिलसाँगची गाणी सगळ्यांना येतात. आजीची पदे मला धड वाचताही येत नव्हती. आपण तरुणांना जवळ ओढण्यासाठी पडद्यावरच्यासारखेच ड्रम आणि दिवे आणले तर ती नक्कल होईल, आणि पडद्यावर ते नेहमी आपल्यापेक्षा चांगले वाजवतील.

उत्तर: परिचारिका, कॅम्प परिसर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. पण आजार बरे करण्याच्या दाव्यांबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला लहानपणापासून फिट येतात. एका प्रक्षेपणात पडद्यावर हात ठेवायला सांगितले गेले आणि तू बरा झालास अशी घोषणा झाली. त्याने कुणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. नऊ दिवसांनी भर रस्त्यात दुचाकीवरून जाताना त्याला फिट आली. तो वाचला, मात्र जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या प्रार्थनेला माझा आक्षेप नाही. मी स्वतः प्रत्येक पाळी सुरू करताना प्रार्थना करते. परंतु गोळ्या बंद करायच्या की नाही हे ठरवणारा माणूस डॉक्टर असला पाहिजे, हे त्या प्रक्षेपणात एकदाही म्हटले गेले नाही.

आपल्या देशात १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा आहे आणि ज्या रोगांवर जादुई उपचारांची जाहिरात करायला त्याने बंदी घातली आहे त्यांत अपस्मार, मधुमेह आणि कर्करोगही येतात. नायजेरियात, जिथे अशी प्रक्षेपणे फार मोठ्या प्रमाणावर होतात, तिथल्या प्रसारण आयोगाने २००४ मध्येच पडताळणी न झालेले चमत्कार दूरचित्रवाणीवर दाखवायला मनाई केली. आपल्या चर्चचा नियमही स्पष्ट आहे. रोममधून १४ सप्टेंबर २००० रोजी कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने निघालेल्या सूचनापत्रात सांगितले आहे की रोगमुक्तीच्या प्रार्थनेत उन्माद, कृत्रिमपणा आणि नाटकीपणा येऊ देऊ नये, आणि अशा प्रार्थनांचे प्रक्षेपण स्थानिक बिशपांच्या देखरेखीखाली असावे. हे आपल्याही प्रार्थनासभांना लागू आहे. ताई, तुमचा मुलगा कोणते औषध घेत असेल तर ते चालू आहे ना, एवढे आजच पाहा.

उत्तर: वडगावशेरीची आई

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. तो कोणतेही औषध घेत नाही, हे आधी सांगते.

गुरुवारी रात्री मी त्याच्या खोलीत गेले आणि मलाही ऐकायचे आहे म्हणाले. त्याने एक इअरफोन काढून मला दिला. बेचाळीस मिनिटे आम्ही एकाच तारेला बांधल्यासारखे शेजारी बसलो. ते पास्टर उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर बोलत होते, आणि मी खरे सांगते, चांगले बोलत होते. घरीच राहिलेल्या मोठ्या भावाबद्दल ते जे बोलले ते माझ्या मनात अजून घोळते आहे. संपल्यावर मी त्याला विचारले की तुला इथे काय मिळते. तो म्हणाला, “आई, इथे मला रोज कुणीतरी विचारतं.” हिंजवडीच्या मुलीने जे लिहिले तेच त्याने जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले.

मग मी त्याला स्नानसंस्काराचे बोलले. त्याचा लहानपणीचा पांढरा झबला आणि मेणबत्ती मी ट्रंकेत जपून ठेवली आहे, ती काढून दाखवली. त्याच्या आजीने त्या दिवशी सबंध चर्चला स्वतःच्या हाताने केलेले लाडू वाटले होते, हे त्याला माहीत नव्हते. तो बराच वेळ ती मेणबत्ती हातात फिरवत होता. ‘तेव्हा माझा विश्वास नव्हता ना,’ असे तो म्हणाला. मी म्हटले, ‘नव्हता, तुझ्यासाठी आमचा होता.’ यावर तो काही बोलला नाही. दशांशाचा हिशेब विचारायची गोष्ट मात्र त्याला पटली आणि त्याने तसा संदेश त्या मंडळीला माझ्यासमोर पाठवला. अद्याप उत्तर आलेले नाही.

आमच्या फादरांशीही मी बोलले. शनिवारी संध्याकाळी तरुणांना चर्चच्या मागची खोली मिळेल, तिथे त्यांनी स्वतः प्रार्थना चालवावी आणि हवे असेल तर मी नुसता मागे बसेन, असे ते म्हणाले. पहिल्या शनिवारी सात मुले आली. माझा मुलगा अर्धा तास उशिरा आला, पण आला, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. कुणीतरी मराठी पद सुरू केले तेव्हा शब्द फक्त मला येत होते, म्हणून मला पुढे बोलावले.

पास्टरांची सभा पुढच्या महिन्यात आहे. तो जाणार आहे. पाण्यात उतरणार की नाही हे त्याने अजून ठरवलेले नाही, आणि तू ये म्हणालास तर मी बरोबर येईन, असे मी त्याला सांगितले आहे. मी असे सांगायला नको होते असे कुणाला वाटत असेल, तर कृपया कारणासह लिहा.